दबक्या पावलांनी

कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक जोडपं उभं होतं.

"यंदा पाणवठ्यावरच्या कॅमेऱ्याची बॅटरी बदलायला मीच जाणार."

"हरणं माझ्या ओळखीची आहेत गं. तू आपली गाडीत बस."

"अख्खा उन्हाळा दोन मिनिटांत पळवलेला तो व्हिडिओ पाहिलात ना? त्यात तुम्ही आलात की कळप गायब. मी आले की एकही मान वर होत नाही."

"काहीतरीच! मी मातकट कपडे घालून, श्वास रोखून, दबक्या पावलांनी जातो."

"आणि मी?"

"तू माझ्या नावानं खडे फोडत येतेस. लांबून ऐकू येतं."

"त्यांनाही ऐकू येतं. दबकत वाघ येतो, बायको नाही."

"मग काय, मीही बडबडत जाऊ?"

"जा की."

"एकट्यानं काय बोलायचं? मला नाही सुचत."

"घरी तरी कुठे सुचतं? बरं, दोघं जाऊ. भांडत."

"मला कुठे भांडता येतं? तूच नेहमी नसत्या गोष्टी उकरून काढतेस आणि वर—"

"हां, अस्सं! फक्त जरा मोठ्यानं. पार पाणवठ्यापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."