नवसाचा झगा

(लेबनॉनमधलं झाहले. नजलाला जाऊन चाळीस दिवस झाले, त्या चाळिसाव्याची सकाळ. तिचा नवरा वदीह, तिची थोरली बहीण अफिफे आणि दारू सोडवणारा गट चालवणारे तौफीक मास्तर.)

वदीह : ...इस्पितळातून फोन आला, नजला गेली म्हणाले, तेव्हा माझ्या हातात अरकचा पेला होता. खाली ठेवला, तो ठेवलाच. यात तुमचा गट कुठे आला, मास्तर?

तौफीक : वा रे! दर मंगळवारी माझ्यासमोर बसून रडतोस ते काय मग?

अफिफे : रडणं तुमच्याकडे, नवस संत शरबेलकडे. नजलानं बोललेला. ह्यानं सोडली की हा महिनाभर संताचा काळा झगा घालणार. संतानं आपलं काम केलं, आता ह्याचं.

वदीह : नवस तिनं बोलायचा आणि झगा मी घालायचा?

अफिफे : पीत तू होतास आणि डोकं तिचं दुखायचं, तेव्हा बरं चाललं!

तौफीक : अफिफेबाई, दारू त्यानं सोडली. आज श्रेय संताला दिलं, तर उद्या घसरल्यावर दोषही संतालाच देईल.

वदीह : दोष द्यायचा तर अरकला द्या. व्हिस्कीवाले बाटलीत पाणी घालून बायकोला फसवतात. नजला बाटलीवर पेन्सिलीनं खूण करायची, आणि अरकमध्ये पाण्याचा थेंब पडला की झालं पांढरंफेक दूध!

अफिफे : पुरे. दुपारी प्रार्थनेनंतर साठ माणसं जेवायला आहेत. मी टेबलावर बाटली ठेवली नाही, तरी तुझा चुलतभाऊ शफीक कोटातून काढेल.

तौफीक : म्हणून तर मी आलोय. वदीह, समज मी शफीक. घे रे, थोडीशी.

वदीह : नको. पोट बिघडलंय.

तौफीक : कारण नको देऊस. शफीककडे पोटाचंही औषध असेल. नुसतं 'नको' म्हण.

वदीह : नको.

तौफीक : छान. गारठा केवढा आहे, घे की!

वदीह : नको.

तौफीक : बरं, एकच. नजलाच्या नावानं.

वदीह : ...

तौफीक : वदीह?

वदीह : बर्फाचे दोन खडे टाक, म्हणणार होतो.

अफिफे : बघा! झगा घातलेल्या माणसाला शफीकसुद्धा विचारायचा नाही.

तौफीक : झगा महिन्यानं उतरेल, बाई. शफीक राहील.

वदीह : मग महिन्यानंतरचं तुम्ही बघा. आण गं अफिफे तो झगा.

अफिफे : तिच्या कपाटात होता. घडीसुद्धा मोडली नाही मी. हात वर कर.

वदीह : आई गं! टोचलं काहीतरी!

अफिफे : थांब, बघू... सुई आहे. दोऱ्यासकट. एक बाही नुसती टाचलेली आहे.

तौफीक : म्हणजे तू पीत होतास तेव्हाच तिनं शिवायला घेतला?

वदीह : रोज संध्याकाळी मी इथे प्यायचो, ती तिथे शिवत बसायची. एकदा विचारलं, काय शिवतेस? म्हणाली, तुझ्या मापाचं आहे. मला वाटलं, मला पुरताना घालायचे कपडे.

अफिफे : ...दे इकडे. दोन मिनिटांत शिवते.

वदीह : नको.

तौफीक : हे 'नको' बरोबर आलं बघ!

अफिफे : अरे, चर्चमध्ये असा जाणार? लोक विचारतील.

वदीह : विचारू देत. शफीकलाही तेच सांगेन. डावी बाही तिची शिवायची राहिली आहे.