पट्टी लावल्यासारखे आकडे

फ्लिंटच्या वाहन कचेरीत लोर्ना रांगेत जागा धरून उभी होती. नवरा गाडी लावायला गेला होता. तिच्या पुढे दोघे बापलेक हळू आवाजात बोलत होते.

"बाबा, एकोणसत्तर सालची गाडी, मूळ इंजिनासकट! गाडीचे नि इंजिनाचे नंबर जुळतायत, मी स्वतः पाहिलेत."

"जुळणारच रे. पण इंजिनावर ठोकलेले आकडे दिसतात कसे?"

"एकदम सुबक. पट्टी लावल्यासारखे."

"मग झालं कल्याण!"

"म्हणजे?"

"डेल, ही इंजिनं बनायची त्याच कारखान्यात बावीस वर्षं आकडे ठोकलेत मी. चालता पट्टा कुणासाठी थांबत नसे. हातोडा हाणायचा, की पुढचं इंजिन हजर. एक ओळ सरळ आली असेल तर शपथ!"

"पण गाडी विकणारा वेंडेल तसा माणूस वाटत नाही हो. सही करायला येतोच आहे आता."

"येऊ दे. आणि हे नकली आकडे ठोकणं एकट्याचं काम नाही, सांगून ठेवतो. खाली वाकून इतकं नेटकं ठोकायचं, तर कुणीतरी शेजारी बॅटरीचा उजेड धरून उभं असणार."

लोर्नाने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

तेवढ्यात दार उघडलं.

"अरे डेल, आलात पण! आणि ही तुमच्या मागे उभी आहे ना, ती माझी बायको."