त्यात दुधाचा दोष नव्हता

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, मुख्याध्यापिकाबाई, माझे सहकारी, आणि मागे खुसपुसणारे माझे विद्यार्थी,

निरोपाला उत्तर देताना डोळे पुसायची पद्धत आहे. पण माझा उजवा हात कधीचाच संपावर आहे, आणि आता डावाही थरथरायला लागलाय. तेवढं चालवून घ्या.

पाहुण्यांनी माझं फार कौतुक केलं. ‘बाईंनी लेकीसाठी आपला चित्रकाराचा हात दिला,’ म्हणाले. टाळ्याही पडल्या. साहेब, राग मानू नका, पण ते खरं नाही. माझी लेक पहिल्याच रांगेत बसली आहे, म्हणून मला ते इथेच खोडायला हवं.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, नसांचं आवरण झिजवणारा आजार. बाळंतपणानंतर इंजेक्शन पुन्हा सुरू करायचं होतं. खोक्यातल्या कागदावर लिहिलं होतं, ‘अंगावर पाजत असल्यास डॉक्टरांना विचारा.’ आई आणि सासूबाई यांचं आमटीतल्या मिठावरही कधी जमलं नाही, पण यावर एकमत झालं. सासूबाई म्हणाल्या, “औषधाचं दूध बाळाला? नको गं बाई.” आई म्हणाली, “डॉक्टर काय, औषधच देणार. त्यांना काय विचारायचंय?” आमच्या यांनी मान डोलावली, मीही डोलावली. सगळ्यांच्या पोटात माया होती. डॉक्टरांना फोन मात्र कुणी केला नाही, आणि इंजेक्शन खोक्यातच राहिलं.

लेक रांगायला लागली, आणि एका सकाळी वर्गात माझ्या हातून खडू पडला. जो हात फळ्यावर एका दमात गोल काढायचा, त्याला खडू धरवेना.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, “सगळी औषधं पाजताना चालत नाहीत, काही तर अजिबात नाहीत. पण तुमचं हे इंजेक्शन चाललं असतं. दुधात ते नावापुरतंच उतरतं. हात वाचलाच असता, असं मी म्हणत नाही. पण एकदा विचारायचं तरी.”

गेल्या आठवड्यात लेकीने दुधाचा पेला बाजूला सारला. म्हणाली, “आई, मी तुझं दूध प्यायले नसते, तर तू अजून चित्रं काढली असतीस ना?” असंच कौतुक कुणीतरी तिच्यासमोर केलं असणार.

बाळा, सगळ्यांदेखत सांगते. तुला भूक लागली, तू दूध प्यायलीस. लेकरानं दुसरं काय करायचं असतं? चुकलो ते न विचारता ठरवणारे आम्ही मोठे. आणि तुला पाजताना मी जितकी सुखात होते, तितकी चित्र काढतानाही कधी नव्हते.

मंडळी, डाव्या हाताने काढलेले माझे वाकडे गोल तुम्ही इतकी वर्षं गोड मानून घेतलेत. आजचं हे वाकडं बोलणंही तसंच पोटात घाला. तुम्हा सगळ्यांची मी ऋणी आहे.

आता हा एवढा मोठा गुच्छ माझ्या एकटीच्याने काही घरी जायचा नाही. वर ये बाळा, एका बाजूने तू धर.