भुताला वरणभात

भयकथा वाचून दाखवायची माझी एक पद्धत आहे, ती आधी सांगतो. शेवट मी बदलतो. आमची ईरा अकरा वर्षांची. बालीगंजमध्येच, बंगाली मुलांत वाढली, त्यामुळे मराठी बोलते, पण वाचायचं म्हटलं की पळते. म्हणून रविवारी दुपारी मीच वाचतो. पुस्तकातलं भूत शेवटी कुणाचा तरी गळा धरतं. माझं भूत वरणभात जेवून आपल्या आईकडे परत जातं.

परवा तेच पुस्तक चाळत होतो, तर प्रत्येक कथेच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. जोडाक्षर आलं की त्याच्या डोक्यावर बारीक बंगाली अक्षरांत उच्चार लिहिलेला. मी तिला हाक मारली.

"हे तू वाचलंस?"

"सगळं. केव्हाच."

"मग मी थापा मारतोय हे बोलली का नाहीस?"

ती पुस्तक मिटत म्हणाली, "पुस्तकात त्याला कुणी जेवायलाच देत नाही, बाबा."

या रविवारी भुताच्या भातावर तूपही वाढलं.