पाठराखीण

(भाज्याच्या पुढे लोहगडच्या खिंडीकडे चढणारा रस्ता. दोन सायकली, एकामागे एक. वळणावर कस्तुराबाईंची ताकाची टपरी.)

आदिनाथ : आणि सारखं सारखं ‘थांबायचं का’ विचारू नकोस.

माधवी : विचारावं लागतं, दादा. शेवटच्याला विचारत राहायचं, हा तुमचाच नियम.

आदिनाथ : मी शेवटचा नाही. कामशेतला फोन घ्यायला थांबलो म्हणून मागे पडलो. तळेगावात हा ग्रुप मी उभा केलाय.

माधवी : हो. पण आत्ता तुमच्या मागे मी आहे, आणि माझ्या मागे कुणी नाही.

आदिनाथ : अतुलची बहीण म्हणून तुला घ्यायला लोक तयार नव्हते. मीच म्हटलं, येऊ दे. मी मनात काही ठेवत नाही.

माधवी : बरं केलंत. डावीकडून घ्या, गाडी येतेय.

आदिनाथ : कामशेतपासून तुझं चाक माझ्या चाकाला चिकटलंय. मी जोर लावला की तूही लावतेस. एवढी कधी शिकलीस?

माधवी : अतुल पडला त्यानंतर. तेव्हा सोमाटण्याचा चढही ढकलत चढायचे मी. वर्षभर रोज पहाटे गेले.

आदिनाथ : कशासाठी एवढं?

माधवी : तुमच्या मागे टिकायला. थांबायचं का?

आदिनाथ : नाही म्हटलं ना. मी… आई गं. पोटरी. पोटरीत गोळा आला. धर, सायकल धर.

माधवी : धरलीय. पाय टेका. आपल्या माणसांपैकी कुणी बघत नाहीये.

कस्तुराबाई : मी बगतीया की. हितं बसा सायब, सावलीला. ताक देते, मीठ जास्त घालून. येवढी सोन्यासारखी गाडी, आन् पाय आसं आखडलं व्हय?

आदिनाथ : द्या मावशी. माधवी, तू जा पुढे. सगळे खिंडीत पोह्यांना थांबलेत. मी येतो हळूहळू.

माधवी : काय म्हणालात?

आदिनाथ : तू पुढे हो, म्हटलं.

माधवी : मावशी, ऐकलंत ना? हे आपल्या तोंडाने मला पुढे हो म्हणाले.

कस्तुराबाई : ऐकलं की. मंग तू का थांबलीस, ताई?

माधवी : मी आज पाठराखीण आहे. आमच्यात एकाने सगळ्यांच्या मागून चालवायचं असतं. शेवटच्याला एकटं सोडायचं नाही.

कस्तुराबाई : नवरीसंगं असती तशी?

माधवी : तशीच. गेल्या वर्षी हे काम दादांकडे होतं, आणि शेवटचा होता माझा भाऊ.

आदिनाथ : झालं सुरू. मावशी, त्याला चढ झेपत नव्हता. त्यानेच मला सांगितलं, तुम्ही व्हा पुढे. मी ग्रुपला तेव्हाच सगळं सांगितलंय. मग हाच रस्ता उतरताना तो पडला, त्याला मी काय करणार? मोठ्या माणसाला हात धरून उतरवायचं का?

कस्तुराबाई : कोन? त्यो चष्म्यावाला पोरगा? गटारीत पडल्याला?

आदिनाथ : तुम्हाला काय माहीत?

कस्तुराबाई : त्यो मलाच घावला, सायब. गुडघ्याचा पार चेंदा झालता. पदर फाडून बांधला म्या. सारखं येकच म्हनत व्हता, ‘दादांना थांबा म्हटलं, दादांना थांबा म्हटलं.’ मला वाटलं, थोरला भाऊ आसंल.

माधवी : मी धाकटी. त्याला भाऊ नाही.

आदिनाथ : मावशी, अजून थोडं मीठ असेल का?

कस्तुराबाई : हाय की. लागंल तेवढं घ्या.

माधवी : त्या दिवशी इथून उतरून लोणावळ्याला फोटो काढलात सगळ्यांनी. मधोमध तुम्ही, दोन्ही हात वर. तो काढायला तुम्हाला वेळेवर पोचायचं होतं.

आदिनाथ : मला वाटलं, येईल तो मागून. खरंच वाटलं तसं.

माधवी : असेल. पण तसं नाही सांगितलंत तुम्ही. त्यानेच पाठवलं म्हणून सांगितलंत. आणि ग्रुपवर त्या फोटोखाली मेसेज टाकलात, झेपत नसेल त्यांनी येऊ नये.

आदिनाथ : काय हवंय तुला?

माधवी : जे सगळ्यांना सांगितलंत, ते खोटं होतं, असं सगळ्यांसमोर म्हणायचं. आज. पोह्यांच्या आधी.

आदिनाथ : माझी काही किंमत राहील का ग्रुपमध्ये?

माधवी : नाही राहणार.

आदिनाथ : मी टेम्पो बोलावतो आणि घरी जातो. पाय धरलाय माझा.

माधवी : बोलवा. मीही चढेन टेम्पोत. तळेगावला तुमच्या सोसायटीच्या जिन्यापर्यंत येईन. वहिनी विचारतील, ही कोण. त्यांना सांगेन मग.

आदिनाथ : म्हणजे सूड घ्यायचा ठरवूनच आलीस.

माधवी : हो.

कस्तुराबाई : सायब, सांगून टाका. पोर काय मागं हटायची न्हाई. तिचं डोळं बगा की.

आदिनाथ : बरं. बोलतो वर गेल्यावर. ढकलत ढकलतच जावं लागेल. अतुलला तू कळव, मी कबूल केलं म्हणून. त्याच्यासमोर उभं राहणं मला नाही जमणार.

माधवी : तो वरच आहे. आपल्या ग्रुपमधल्या निलेशने सकाळी त्याला गाडीतून खिंडीत आणून बसवलंय.

आदिनाथ : तो… मला बघून काय म्हणेल?

माधवी : काही नाही म्हणणार. पडल्यापासून तो फारसं बोलतच नाही, दादा. आज तुम्ही बोला.