वर्षाच्या आतली खुर्ची

शाळेची मोडकी बाकं दुरुस्तीला देऊन गोपाळकृष्ण गुरुजी रत्नागिरीतल्या फर्निचरच्या दुकानात टेकले होते. त्यांच्या पाठीमागे सत्तरीच्या एक बाई मुलाला घेऊन खुर्ची निवडत होत्या.

"आई, ही बघ किती मऊ आहे. पायसुद्धा पसरता येतात."

"हिच्यात झोप लागेल रे. मला गाणं ऐकायचंय."

"मग ही?"

"हिचे हात मधे येतात. मांडीवर ताल कसा धरू? अहो, ती बिनहातांची दाखवा."

"घरी बाबांची आरामखुर्ची आहे की रिकामी."

"ती त्यांची. ते तीत बसून गाणं ऐकायचे आणि मी स्वयंपाकघरातून, कुकरच्या शिट्ट्या वगळून."

"पण बाबांना जाऊन सहाच महिने झालेत. वर्षश्राद्धाआधी घरात नवी वस्तू, त्यात गाणं. आत्या काय म्हणेल?"

"तुझ्या आत्याने टीव्हीवरच्या मालिका थांबवल्यान् का?"

"ते वेगळं, आई."

"कसं वेगळं, ते सांग."

गुरुजींनी मान वळवली. बाई डोळे मिटून ताठ बसल्या होत्या आणि त्यांचा उजवा हात मांडीवर सावकाश पडत होता.

"हीच हवी. आजच टेम्पोतून पाठवा."

"बरं, मग माजघरात ठेवू. कुणाच्या नजरेस पडणार नाही."

"ओटीवर ठेवायची. दाराकडे तोंड करून."

"लोक भेटायला येतात गं अजून."

"येऊ देत. बोलायचं तेही बोलू देत. फक्त गाणं संपेपर्यंत उभं राहायचं."