एका रिंगपुरता धीर

—नाही मावशी, जुना फोन टाकून कशाला द्यायचा, न्या की घरी. बारा वर्षं सांभाळलात, रबर लावून का होईना — घड्याळ म्हणून चालेल. फक्त आज संध्याकाळी सहानंतर त्याच्यावर कुणी बोलणार नाही. जुनं नेटवर्क बंद. म्हणजे फोन ठणठणीत, पण त्याला ऐकू काही येणार नाही, आमच्या सासऱ्यांसारखं. बसा ना, नवं सिम चालू व्हायला वीस मिनिटं लागतात. पोस्टरवर दोन लिहिलंय, हो. पोस्टरवर काउंटरवरचा माणूस हसतोयसुद्धा. तेवढ्यावरून काय ते समजा.

तुम्ही शेवटच्या बघा. जवळजवळ शेवटच्या. दीड वर्षापूर्वी साहेबांनी यादी हातात दिली — चौदाशे माणसं, सगळी जुन्या नेटवर्कवर चिकटलेली, प्रत्येकाला तीन मेसेज, मग फोन, मग गोडीगुलाबीनं इथं आणायचं. आणली मी. शाळेतल्या एक निवृत्त बाई आल्या, त्यांनी माझ्याकडून सगळ्या सूचना मोठ्या अक्षरात लिहून घेतल्या आणि लाल पेनानं माझंच अक्षर सुधारून दिलं. एका आजोबांना वाटलं, मी त्यांचा नंबर चोरून स्वतः वापरणार. त्यांना दिवसातून एक फोन यायचा, तोही दवाखान्यातून — मी कशाला चोरू? पण आणलं त्यांनाही. साहेब म्हणतात, पटवून द्यायची कला आहे तुमच्यात. हे मी घरी सांगितलं तर बायको हसून हसून भिंतीला टेकली.

जवळजवळ का म्हणजे — तुमचं लक्ष आहे वाटतं, मला वाटलं तुम्ही पंख्याकडे बघताय. एक राहिलाय. राहील तो. हे बघा रजिस्टरात, माझंच अक्षर, बाईंनी सुधारलेलं: संपर्क केला, ग्राहक तयार नाही. असतात काही माणसं तशी, सुंभ जळतो पण पीळ जळत नाही. कोण म्हणजे — आहे एक. टॉवरवर चढायचा पूर्वी. आज जे बंद होतंय ना, ते त्यानंच उभं केलं, म्हणजे एकट्यानं नाही, पण या भागात असा टॉवर नसेल ज्याच्यावर तो कमरेला पट्टा बांधून लटकला नाही. आणि मला स्टुलावर चढून बल्ब बदलायचा तर चक्कर येते. सख्खा भाऊ असून. — हो, भाऊ. आता निघालंच तोंडातून. मोठा.

त्यानंच चिकटवलं मला या नोकरीत. साहेबांपुढे उभा राहून म्हणाला, याला उंचीवर पाठवू नका, खाली बसवा, टायपिंग चांगलं आहे. खरंच चांगलं आहे हो. सहा वर्षांपूर्वी टॉवरवरची माणसं कमी करायची ठरली, यादी आणि पत्रं टाइप कुणी केली? मीच. एक चूक नाही. सातवं नाव दादाचं. साहेब म्हणाले, बाहेर बोलायचं नाही, आणि मी कसला आज्ञाधारक — एका घरात राहत होतो आम्ही, समोरासमोर जेवायला बसायचो — अकरा दिवस मूग गिळून बसलो. रोज ठरवायचो, आज सांगू. आणि रोज काय बोलायचो? की भाजीत मीठ कमी आहे. बाराव्या दिवशी त्याला पत्र आलं. त्यानं कागद वाचला, खालच्या कोपऱ्यात टाइप करणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं असतात बारीक, ती बघितली आणि एवढंच म्हणाला, "तुला माहीत होतं." त्यावर मी काय बोललो? पाणी वाढू का विचारलं. पाणी, मावशी! महिन्याभरात घर सोडून गेला. कुठं असतो, ठाऊक नाही. नंबर तेवढा तोच आहे.

फोन करायचा की म्हणता. बरोबर आहे. चौदाशे लोकांना केला, आणि इथंच घोडं पेंड खातं. त्या रजिस्टरातलं खोटं आहे. संपर्क-बिंपर्क काही केला नाही मी. मेसेज गेले तीन — प्रिय ग्राहक, आपली सेवा बंद होत आहे. सहा वर्षांत माझं त्याला तेवढंच पत्र. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. आणि आज सहाच्या आत तो इथं आला नाही तर नंबर गेला, उद्या कुणा भलत्यालाच देतील. मग माझ्याकडे त्याचं काहीच उरत नाही.

अं? हां, अजून एक काम राहतं. चालू झालं की एक कॉल लावून बघायचा — नव्यावरून जुन्यावर, लागला की तुम्ही सुटलात. आता जुन्यावर राहिलंय कोण? तोच एक. म्हणून त्याचाच लावणार, नाइलाज आहे. — असं सांगतो मी सगळ्यांना. खरं म्हणजे पहिल्या दिवसापासून त्याचाच लावतोय, तेव्हा चौदाशे नंबर होते हाताशी. पण पाठ एवढा एकच आहे, बायकोचासुद्धा नाही. प्रत्येकाच्या नव्या फोनवरून, एक रिंग, की कट. उचलायला वेळच द्यायचा नाही. माझा धीर एका रिंगपुरता आहे, मावशी. कुणी हसलं तरी चालेल, मी स्वतः हसतो.

मागे एक शिंपी भांडायला आला. म्हणे, तुम्ही लावलेल्या नंबरावरून मला उलटा फोन आला, कुणी माणूस विचारत होता, काउंटरवरचा तो जाड झालाय का, चष्मा लागला का त्याला? शिंपी म्हणाला, फसवणूक करणाऱ्यांची टोळी दिसते. मी काय करावं? मी म्हणालो, ब्लॉक करा. आणि आत जाऊन तोंड धुऊन आलो. त्यानं किती जणांना असं विचारलं असेल, कुणास ठाऊक. शिंप्याचं माप पक्कं, त्यानं जाड म्हणून सांगितलंच असणार.

आलं बघा तुमचं नेटवर्क. साडेपाचच झाले, वेळेत आहात. द्या इकडे. हा लावला. आता एक रिंग जाईल आणि मी —

हॅलो.

…हो. मीच.

…हो, चष्मा लागला. दोन वर्षं झाली. जवळचा. …जाडसुद्धा झालोय.

दादा, आज सहाला… हो, माहीत असणारच तुला. तरी मी सांगतोय. मला सांगायचं होतं. …तेव्हाही.

येशील? सहापर्यंत आहे मी. नाही — सहानंतरही आहे.

मावशी, तुम्ही जरा बाहेरच्या बाकावर बसता का? नाही, फोन राहू द्या माझ्याकडे. काउंटर बंद झालंय.